बाहेर नीट जेवायचं तर घरून खाऊ न्या

सहल ठरली की घरोघरी एक जुना वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, सगळं घरून करून नेऊ, बाहेरचं खाऊन पोटं बिघडवायला नकोत. दुसरी म्हणते, चार दिवस तरी स्वयंपाकघरातून सुटका हवी, जिथे जाऊ तिथलं खाऊ. दोघांचंही म्हणणं खरं आहे, पण दोघंही एक चूक करतात. घरचं आणि बाहेरचं यांतलं एकच काहीतरी निवडायचं असतं, असं दोघंही धरून चालतात. माझं म्हणणं असं आहे की प्रवासात बाहेरचं चांगलं जेवायचं असेल, तर घरचा खाऊ बरोबर असायलाच हवा. आपलं बाहेरचं खाणं बिघडतं ते बहुतेक वेळा हॉटेल वाईट म्हणून नव्हे. ते बिघडतं कारण आपण ते अवेळी, भुकेने कासावीस होऊन, जे पहिलं दिसेल तिथे खातो.

मुंबईहून मालवणला गाडीने जाणाऱ्या कुटुंबाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. अंतर सुमारे ५०० किलोमीटर. पहाटे चहा घेऊन निघालेल्या मंडळींना साडेनऊ-दहाला भूक लागते आणि समोर येतो तो फूड मॉल. तिथे वडे, डोसे, चिप्स, गोड पेयं असं सगळ्यांचं पोट भरतं. एक-दीड वाजता एखाद्या घरगुती खाणावळीत तव्यावरून उतरलेलं ताजं जेवण मिळत असतं, तेव्हा कुणालाच भूक नसते. मग पुन्हा चार वाजता भूक लागते. तोवर खाणावळीतलं मोजून केलेलं जेवण संपलेलं असतं आणि पुन्हा जे उघडं असेल ते खावं लागतं. दिवसभरात पैसे तीनदा खर्च होतात आणि मनासारखं जेवण एकदाही होत नाही. यात बदलायचं आहे ते एवढंच: दहाची आणि चारची भूक घरच्या कोरड्या खाऊवर भागवा आणि एकचं जेवण निवडून, वेळेवर, त्या गावचं जेवा. घरच्या डब्याचं काम जेवणाची जागा घेण्याचं नाही, जेवणाची वेळ सांभाळण्याचं आहे.

आता डब्यात काय न्यायचं हा प्रश्न. तो चवीने ठरवण्याआधी पाण्याने ठरवावा. पदार्थ टिकतो की नाही हे त्यात जंतूंना वापरता येईल असं पाणी किती आहे, यावर बरंचसं अवलंबून असतं. अन्नशास्त्रात हे पाणी ० ते १ अशा पट्टीवर मोजतात. ०.६ च्या खाली कोणतेही जंतू किंवा बुरशी वाढत नाही. नीट भाजलेलं बिस्किट याच्या पुष्कळ खाली असतं. मऊ केक बराच वर असतो, आणि पाव, पोळी, भात तर जवळजवळ टोकाला. म्हणून चांगल्या भाजलेल्या नानकटाईचा डबा आठवडाभर बॅगेत राहिला तरी बिघडत नाही आणि सकाळी केलेला भात उन्हाळ्यात दुपारी धोक्याचा होतो. तळण आणि भाजणं या दोन्हींत पाणी निघून जातं, पण तळलेल्या पदार्थाने बॅगेत तेल सोडलं की त्याला लवकर खवट वास लागतो आणि गाडीच्या हेलकाव्यांत ते पोटालाही जड जातं. प्रवासासाठी मी भाजलेल्या पदार्थाची बाजू घेते ती यासाठी.

नानकटाई हा यातला पहिला पदार्थ, आणि तो घरी सहज जमतो. सुरतेतल्या डच वखारीच्या भट्टीशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावच्या बेकरीत तो मिळतो. त्याच्या टिकण्याचं रहस्य तुपात आहे. लोण्यात सुमारे १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, चांगल्या कढवलेल्या तुपात ते जवळजवळ नसतंच. पाणी नाही म्हणून मैद्याला चिकटपणा येत नाही, आणि म्हणूनच नानकटाई दाताखाली भुगा होते. साधारण २० ते २४ नगांसाठी ११० ग्रॅम थिजलेलं तूप आणि ९० ग्रॅम पिठीसाखर घ्या. तूप वितळलेलं नको. बोट रुतेल इतकं मऊ हवं. दोन्ही हाताने किंवा लाकडी चमच्याने पांढरं आणि हलकं होईपर्यंत फेसा. याला आठ-दहा मिनिटं लागतात आणि इथे घाई चालत नाही, कारण फेसताना आत गेलेली हवाच पुढे खुसखुशीतपणा देते. त्यात १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम बारीक रवा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ आणि वेलची-जायफळ चाळून घाला आणि नुसतं एकत्र होईपर्यंत मिसळा. दूध किंवा पाणी अजिबात घालू नका.

गोळा वळून तळहाताने हलकेच दाबा आणि कड पाहा. थोड्या चिरा हव्यातच, पण गोळा सुटायलाच लागला तर अर्धा चमचा तूप अजून लागेल. उलट गोळा हाताला तुपकट लागला आणि दाबल्यावर पसरायला लागला, तर मिश्रण अर्धा तास थंड जागी ठेवा. मैदा वाढवून नानकटाई घट्ट करू नका. १६५ ते १७० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा. बाहेर काढताना ती मऊ आणि फिकी दिसते. ते पाहून बहुतेक जण ती परत आत ढकलतात आणि ती दगडासारखी होते. एक नग उलथून बुड पाहा: बुड सोनेरी असेल तर भाजणं झालं, वरचा भाग निवता निवता घट्ट होईल. डबा भरण्याआधी ती पूर्ण गार होऊ द्या. कोमट खाऊ डब्यात भरला की वाफ झाकणाला धरते, तिचं पाणी होतं, आणि इतक्या मेहनतीने घालवलेलं पाणी आपणच परत आत आणतो.

नुसत्या गोडाने मात्र प्रवासात तोंड विटतं, म्हणून दुसरा डबा खाऱ्याचा हवा. १५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम बारीक रवा, ६० ग्रॅम तुपाचं मोहन, एक चमचा मीठ, दोन चमचे साखर, हातावर चोळलेला ओवा, जिरं आणि भरड मिरी, आणि मळायला लागेल तेवढंच ताक. पोळीपेक्षा जरा जाड लाटून, काट्याने टोचून, चौकोन कापा आणि १७० अंशांवर २० मिनिटं भाजा. यात ताक आहे, म्हणजे पाणी आहे. त्यामुळे भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून बिस्किटं अर्धा तास आतच राहू द्या, ती आतून कोरडी होतात. बेकरीतला टोस्ट याच युक्तीने होतो: पाव एकदा भाजायचा, कापायचा आणि पाणी जाईपर्यंत पुन्हा भाजायचा. उरलेल्या पावाचा टोस्ट घरीही होतो आणि चहाबरोबर लहान-मोठ्या सगळ्यांनाच चालतो.

ओव्हन नाही म्हणून थांबायची गरज नाही. जाड बुडाच्या जुन्या टोपात बोटभर जाडीचं मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, वर तिवई ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा आणि मग ताटली आत ठेवा. वरून उष्णता कमी मिळते म्हणून वेळ थोडा जास्त लागतो आणि रंग कमी येतो. चवीत फारसा फरक नाही. रोजच्या वापराचा प्रेशर कुकर मात्र असा कोरडा तापवू नका, भांडं खराब होतं. आणखी एक सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे आणि ती विसरली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. अनेक गावांत आणि शहरांच्या जुन्या वस्त्यांत आपलं पीठ, साखर आणि तूप घेऊन बेकरीत गेलं की भट्टीवर बिस्किटं करून मिळतात. जिन्नस आपला, भट्टी आणि हात त्यांचे. तूप कुठलं आणि साखर किती हे आपल्या हातात राहतं, आणि एका फेरीत दोन-तीन घरांचे डबे भरतात.

ओले पदार्थ न्यायचेच नाहीत असं नाही. त्यांचा क्रम ठरवायचा. कोकणातलं धोंडस, म्हणजे जून काकडीचा किस, गूळ, भाजलेला तांदळाचा रवा आणि ओलं खोबरं घालून केलेला भाजीव गोड पदार्थ, हा खरं तर आपला अस्सल घरगुती केक. चुलीवर टोप, झाकणावर निखारे, खालून-वरून आच. ओव्हनमध्ये तोच १८० अंशांवर पाऊण तासात होतो. पण त्यात काकडी आहे, ओलं खोबरं आहे, म्हणून तो निघाल्याच्या दिवशीच संपवायचा. दशमीचंही तसंच. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते ती दुधातल्या स्निग्धांशामुळे. दुधामुळे ती नासत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती नीट भाजावी, गार करून कापडात गुंडाळावी आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत खाऊन टाकावी. फ्रिजमध्ये ठेवून नेली तर उलट लवकर कडक होते, कारण पोळी-पावातला स्टार्च फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने घट्ट होतो.

भाताविषयी मात्र जरा कडक राहा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवताना मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष भात परत गरम करूनही जात नाही. सर्वसाधारण नियम असा की शिजलेला ओला पदार्थ ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यातली बंद गाडी किंवा रेल्वेचा साधा डबा आठवला की हा तास किती लवकर सरतो हे कळेल. दह्याचा आंबटपणा जंतूंना थोडा आवरतो, पण म्हणून रात्री बांधलेला दहीभात दुसऱ्या दुपारी मुलांना देणं योग्य नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेगळीच भूक लागते: ओळखीच्या चवीची. मुलं आणि वयस्क माणसं तेव्हा चिडचिडी होतात, आणि ‘घरचं काहीतरी’ मागतात. इथेही भाजणंच कामाला येतं. मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहू आणि हिंग-सुंठ-मेथी-हळदीसारखे मसाले यांची पूड. त्यात ओलं काहीच नाही. चांगल्या हॉटेलात गरम वाफाळता भात मागा, त्यावर मेतकूट, मीठ आणि बरोबर नेलेलं तूप घाला. भात त्यांचा, चव आपली, आणि बिघडण्याची भीती नाही. सोलापूरकडची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी हीसुद्धा अशीच जोडी आहे: भाकरी पापडासारखी कडक होईपर्यंत सुकवलेली, चटणीत पाण्याचा थेंब नाही, दोन्ही कितीतरी दिवस टिकतात. उपम्याचा रवा तेला-तुपात खमंग भाजून त्यात मोहरी, हिंग, उडीद डाळ, कुरकुरीत झालेला कढीपत्ता आणि मीठ घालून ठेवला, तर हॉटेलच्या खोलीत एक वाटी रव्याला दोन-सव्वादोन वाट्या उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकलं की काम होतं.

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की परगावी जाऊन घरचेच डबे उघडायचे तर जायचं कशाला? डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे आणि तिच्या डायनिंग कारमधल्या ऑम्लेट-टोस्टसाठी लोक मुद्दाम ती गाडी धरतात. कर्जतला घाट चढवणारी इंजिनं लागेपर्यंत गाडी थांबते, म्हणून तिथला वडा मोठा झाला. हे आनंद घालवायचे, असं कोण म्हणेल? मी तर म्हणते, त्यांना जागा ठेवा. घरचा खाऊ माणशी दिवसाला दोन छोट्या वेळांपुरताच न्या. पोटभर होईल इतका नेलात तर पहिली बाजू जिंकते आणि गावचं जेवण हुकतंच.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. मैदा, साखर, तूप यांची नानकटाई १०० ग्रॅमला सुमारे ५०० कॅलरी देते; ती पौष्टिक आहे असं सांगण्यात अर्थ नाही. एका वेळी दोन पुरेत. अर्धा मैदा काढून कणीक किंवा नाचणी घातली तर पदार्थ थोडा घट्ट होतो पण पोटाला बरा. बरोबर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि केळी असली तर गोडाकडे हात कमी जातो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: दुकानातला बंद पुडाही तेवढाच टिकतो, मग एवढा खटाटोप का? सुरक्षिततेत बंद पुडा उणा नाही, हे मान्य करायलाच हवं. ज्या घरात खरोखर वेळ नाही, तिथे पुडा घ्या. अपराधी वाटून घेऊ नका. पण घरी केलं की साखर-मीठ आपल्या प्रमाणात राहतं, दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला निर्धास्त देता येतं, आणि ज्या मुलाने स्वतः गोळे वळलेले असतात ते मूल वाटेतल्या दुकानापाशी कमी अडून बसतं. काम फक्त घरातल्या बाईच्या गळ्यात पडणार असेल तर मात्र हा सगळा युक्तिवाद कोसळतो. फेसायला, वळायला, डबे भरायला घरातले सगळे हात लागले पाहिजेत. पिठांचं मिश्रण आदल्या रविवारी मोजून ठेवलं तर भाजण्याचं काम एका संध्याकाळचं आहे.

मधली भूक अशी भागली की बाहेरचं जेवण शांतपणे निवडता येतं. ज्या खाणावळीत मोजके पदार्थ आहेत आणि दुपारी स्थानिक माणसं जेवताहेत, तिथे अन्न पडून राहत नाही. कोकणात सकाळीच फोन करून किती माणसं आणि काय हवं ते सांगा. त्या हिशेबानेच बाजार होतो. ऋतूही पाहा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा पावसात मालवणला जाऊन ताज्या सुरमईचा आग्रह धरण्यापेक्षा सुकट, बोंबील, खाडीचे मासे, काळ्या वाटाण्याची आमटी आणि रानभाज्या मागाव्यात. जळगावचं भरीत हिवाळ्यात खावं. ताटातलं गरम निर्धास्त खा. ओल्या खोबऱ्याची चटणी, कापून ठेवलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर यांच्याबाबतीत जागा ओळखीची नसेल तर हात आवरा.

गोव्यात तर भाजलेल्याचाच मुक्काम आहे. पोदेराकडची, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडची, पोई हा पाव सकाळी घ्यावा आणि त्याच दिवशी खावा; उरलाच तर दुसऱ्या दिवशी तव्यावर कडक करून घ्यावा. घरी आणायची ती पोई नव्हे, आणायची बेबिंक. नारळाचं दूध, अंड्याचे बलक, साखर आणि तूप यांचा एकेक थर वरच्या आचेवर भाजत ती करतात, आणि २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. साखर-तुपामुळे ती पोईपेक्षा जास्त टिकते, तरी नारळ-अंडी असल्यामुळे वेष्टनावरची तारीख पाहूनच घ्या.

परदेशातल्या मुलांकडे निघालेल्यांसाठी नियम थोडे वेगळे आहेत. लोणचं, ओली चटणी, पातळ तूप हे विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. ते सामानाच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून टाका. पूर्ण भाजलेली कोरडी बिस्किटं आणि नानकटाई नेणं सर्वांत सोपं जातं. ताजी फळं, बिया आणि मांस बरोबर घेऊ नका, आणि दुधाच्या मिठाईबद्दल त्या देशाचे नियम आधी वाचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कोणताही खाद्यपदार्थ असला तरी उतरताना भरायच्या घोषणापत्रात तसं लिहावंच लागतं. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या पदार्थासाठी जागेवर ४०० डॉलर दंड होतो. डब्यावर पदार्थाचं नाव आणि त्यातले जिन्नस इंग्रजीत लिहून चिकटवा, तो बॅगेत सर्वांत वर ठेवा, आणि अधिकाऱ्याने विचारलं की उघडून दाखवा.